आईचं पासबुक आईजवळच असू द्या

निपाणीच्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं सांगते. त्यांची आई ७४ वर्षांची, बेळगावात वडगावला राहते. वडील मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते, आता नाहीत, आईला त्यांची फॅमिली पेन्शन मिळते. घर वडिलांनी घेतानाच आईच्या नावावर घेतलेलं. मोठा भाऊ आणि वहिनी आईजवळच असतात. एटीएम कार्ड दादाकडं, पासबुक दादाच्या कपाटात, बँकेत मोबाईल नंबर पण दादाचाच. आईला चष्मा बदलायचा होता तर "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून दोनदा ऐकून घ्यावं लागलं. वडिलांच्या रिटायरमेंटच्या पैशाची ठेव एका सोसायटीत आहे, पावती कुठं आहे ते आईला माहीत नाही. दिवाळीत दादानं कन्नडमधल्या कसल्यातरी कागदावर तिची सही घेतली, आणि आता घराचं बक्षीसपत्र करूया म्हणून मागं लागलाय, कारण काय तर "आईला आता काय कळत नाही". ताईंचा प्रश्न असा की आईकडून माझ्या नावानं पॉवर ऑफ ॲटर्नी (तिच्या वतीनं व्यवहार करायचं अधिकारपत्र) करून घेऊ का, आणि तिला निपाणीला आणून पेन्शनचं सगळं मीच बघू का.

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नको. तुमच्या मनात काही वाईट आहे म्हणून नको म्हणत नाही, आईच्या काळजीनंच तुम्ही विचारताय ते पत्रात दिसतंयच, पण आज पासबुक दादाच्या कपाटात आहे ते उद्या तुमच्या कपाटात येणार, आणि आईला चष्म्यासाठी मागावं लागणारच, फक्त दादाऐवजी तुमच्याकडं. तुम्ही लगेच काढून द्याल, पण मागायला लागणं आहेच ना. पेन्शन तिची, घर तिचं, मग आपल्याच पैशासाठी कुणापुढं तरी हात पसरायचा हे ७४ व्या वर्षी का म्हणून?

मी बेळगावातच एका बँकेत नोकरी केली, पेन्शनच्या कौंटरवर बरीच वर्षं होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात म्हातारी माणसं यायची, बरोबर पोरगा नाहीतर नातू, स्लिप तोच भरणार, पासबुक तोच पुढं करणार, मी काही विचारलं तर उत्तर पण तोच देणार, आणि आजी बाजूला उभ्या, अंगठा लावायपुरत्या. मी पैसे मुद्दाम आजींच्याच हातात द्यायची. अनगोळच्या एक आजी होत्या, त्या नोटा हातात घेऊन तिथंच मोजायच्या, मागं लाईन थांबली तरी चालेल, मग त्यातली पाचशेची एक बटव्यात जायची आणि बाकीच्या पोराच्या हातात. तो जरा तोंड वाकडं करायचा पण बोलायचा नाही. नंतर एटीएम कार्ड आलं, पोरगा परस्पर मशीनवरून काढायला लागला आणि आजी बँकेत यायच्या बंद झाल्या. काही महिन्यांनी बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, पेन्शन वाढली काय गं माझी? मला कोण सांगतच नाही." ही गोष्ट कितीतरी घरात चाललीय, आणि सगळ्याच घरातली पोरं वाईट आहेत असं पण नाही.

म्हणून दादा चोर आहे असं धरून चालू नका. तो आणि वहिनी रोज आईचं करतात, दवाखाना, गोळ्या, गॅस, लाईट बिल, सणवार. पेन्शनमधलं बरंचसं खरोखर घरातच जात असेल. पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत की त्या काळजीत बसत नाहीत. एक, हिशोब आईला सांगितला जात नाही. दोन, तिला वाचता न येणाऱ्या कागदावर सही. पहिली सवय असू शकते. दुसरी मला साफ पटलेली नाही, दादाचा हेतू काहीही असू दे.

आणि एक गोष्ट आईला बसवून नीट सांगा, कारण बहुतेक ती स्वतःच विसरलीय. ती म्हणत असेल "जाऊ दे गं, त्याच्याच घरात दिवस काढायचेत मला." तर ती दादाच्या घरात राहत नाही, दादा तिच्या घरात राहतो. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, त्यातल्या १४ व्या कलमानं बाईच्या नावावरची अशी मालमत्ता पूर्णपणे तिची स्वतःची असते, विकायची, ठेवायची, कुणाला द्यायची, तिची मर्जी. हे ऐकल्यावर आई लगेच भांडायला उठणार नाही, उठूही नये, पण तिच्या मनातली भीती थोडी तरी कमी होईल.

आता कामाचं बोलू. पुढच्या वेळी वडगावला गेलात की पहिलं बँक. आईला बरोबर घेऊन जा, आणि तुम्ही बाकड्यावर बसा, कौंटरला आईलाच बोलू दे. बेळगावच्या ब्रँचमध्ये मराठी समजणारं कोणीतरी असतंच, नसलं तर मॅनेजरला सांगा. आईच्या नावानं एक साधं सिम घ्या, बटनाचा फोन असला तरी चालतो, आणि खात्याला तो नंबर लावायचा अर्ज आईच्या सहीनं द्या. बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल पण हे आधी, कारण ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, खातं त्याच्याच हातात. मग जुनं कार्ड ब्लॉक करून नवीन घ्यायचं, पिन आईनं स्वतः टाकायचा. तिला कार्ड नकोच असेल तर काही अडत नाही, पासबुक आणि स्लिपवर पैसे मिळतात. आईची सही मराठीत असली तरी ती पूर्ण चालते, कुणी "इंग्लिशमध्ये करा नाहीतर अंगठा द्या" म्हटलं तर ऐकू नका. पिन दुसऱ्याला देऊन पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदारावर येतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि दादाला समजावताना हाच मुद्दा पुढं करा, म्हणजे त्याला तो स्वतःवरचा आरोप वाटणार नाही.

घरखर्चाचं काय, हा प्रश्न दादा विचारणार आणि तो रास्त आहे. त्यावर सगळ्यात चांगला उपाय स्टँडिंग इन्स्ट्रक्शन. म्हणजे समजा आईनं ठरवलं की महिन्याला ८,००० घरात द्यायचे, तर बँकेला एकदा लिहून द्यायचं, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तेवढे आपोआप दादाच्या खात्यात जातात आणि उरलेले आईच्या खात्यात राहतात. दादाला मागायला नको, आईला द्यायला नको, वहिनीला पण कळतं की सासू घरात किती घालते. आकडा आईनंच ठरवायचा. तुम्ही "एवढे कशाला" म्हणू नका, ते पैसे तुमचे पण नाहीत.

उद्या आईला चालवेना झालं तर? तरी कार्ड दुसऱ्याला द्यायची गरज नाही. ७० वर्षांवरच्या लोकांना घरपोच सेवा द्या म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०१७ च्या नोव्हेंबरातच बँकांना सांगितलंय, पैसे घरी आणून देणं, हयातीचा दाखला घेणं, हे त्यात येतं. सगळ्या ब्रँच आपणहून सांगत नाहीत, लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. सहीसाठी हातच चालत नसेल तर अंगठा चालतो, त्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस असतो.

खातं जॉइंट करा असा सल्ला कोणी ना कोणी देणारच. ठेवीच्या बाबतीत जॉइंट करायचंच झालं तर 'आयदर ऑर सर्व्हायवर' वर टिक करू नका, त्यात दोघांनाही अधिकार मिळतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायवर' म्हणून पर्याय असतो, त्यात आई आहे तोवर फक्त आईच व्यवहार करू शकते, दुसऱ्याला तिच्या पश्चात. हा पर्याय फॉर्मवर असतो पण कौंटरवर कोणी समजावून सांगत नाही, गर्दी असते. नॉमिनी लावलेला असला की बऱ्याच जणांना वाटतं पैसे त्याचे झाले, तसं नाही, तो फक्त बँकेकडून पैसे घेऊन वारसांना द्यायचा मधला माणूस आहे, आणि आई असेपर्यंत तर त्याचा काहीच संबंध नाही.

सोसायटीतल्या ठेवीचं मला जास्त टेन्शन आलं. आपल्या भागात गल्लोगल्ली सौहार्द (त्या पण सहकारी पतसंस्थाच) आणि सोसायट्या आहेत, रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला दारात येतो, ओळखीची माणसं संचालक, म्हणून पेन्शनर लोक बँकेपेक्षा तिथंच ठेव ठेवतात, अर्धा एक टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून. पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत जो विमा असतो तो सोसायटीला नसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ठेवीवर कर्ज काढता येतं, आणि दिवाळीतला तो कागद त्याचाच असू शकतो. तेव्हा आईला घेऊन सोसायटीत जा, पावती नसली तरी चालेल, आईनं आधार कार्ड दाखवून लेखी मागायचं की माझ्या नावावर ठेव किती, मुदत कधी संपते, तिच्यावर कर्ज आहे का. ठेवीदार स्वतः समोर उभी असताना नाही म्हणता येत नाही. "साहेब नाहीत, उद्या या" म्हणाले तर उद्या परत जा, नाहीतर रजिस्टर पोस्टानं पाठवा.

आता तो कन्नड कागद. आधी आईला एवढंच विचारा, सही घरात बसून केली की ऑफिसात जाऊन, आणि तिथं कॅमेऱ्यासमोर फोटो काढला का, मशीनवर अंगठा घेतला का. घराचं बक्षीसपत्र सब रजिस्ट्रारच्या ऑफिसात नोंदणी झाल्याशिवाय होत नाही, आणि नोंदणीला देणाऱ्याचा फोटो, अंगठा लागतोच. घरात सोफ्यावर बसून सही केलेली असेल तर त्या कागदानं घर गेलेलं नाही, एवढं आईला लगेच सांगा, तिला रात्री झोप लागेल. तरी खात्री म्हणून त्या घराची ई.सी. म्हणजे बोजा दाखला काढा, कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर ऑनलाईन अर्ज करता येतो, घराच्या कागदावरचा नंबर लागतो. जेवढ्या काळाची मागाल तेवढ्या काळात त्या घराचे विक्री, बक्षीसपत्र, गहाण असे जे व्यवहार रजिस्टर झालेत ते त्यात दिसतात. नोटरीकडं केलेलं काही असेल तर मात्र ते ई.सी.त येत नाही, म्हणून दादाकडं त्या कागदाची झेरॉक्स मागायचीच, आईनं मागायची. ती पॉवर ऑफ ॲटर्नी निघाली तर घाबरू नका, ती आईला कधीही रद्द करता येते, रद्द केल्याचं लेखी पत्र दादाला आणि बँकेला द्यायचं, आणि रजिस्टर झालेली असेल तर रद्द करणं पण रजिस्टर करायचं.

इथून पुढं एक शिस्त लावा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची शाळा मराठीत झाली, कन्नड बोलायला थोडंफार येतं पण वाचता येत नाही, आणि उताऱ्यापासून नाडकचेरीच्या (महसूल खात्याच्या गावपातळीवरच्या ऑफिसच्या) फॉर्मपर्यंत सगळं कन्नडमध्ये. त्यामुळं "सही कर की, काय होतंय" म्हणलं की सही करायची सवयच पडलीय. पोरांना कन्नड वाचता येतं आणि आईबापाला येत नाही, या फरकावर किती जमिनी इकडच्या तिकडं झाल्यात ते खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंही विचारा. तर आईला सांगा की घरच्या माणसानं दिलेला असला तरी कागद एक दिवस माझ्याजवळ राहू दे म्हणायचं. ओळखीच्या, पण यात काही मिळणार नाही अशा माणसाकडून वाचून घ्यायचा, शेजारचे मास्तर असतील, कॉलेजातली पोरगी असेल. आणि सही करायचीच तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं मराठीत लिहायचं, 'हा कागद अमक्याबद्दल आहे, मला मराठीत वाचून दाखवला, मला समजला.' तारीख घालायची. हे लिहायला जो नको म्हणेल त्याच्या कागदावर सही करायची नाही.

बक्षीसपत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आत्ता करू नये. कर्नाटकात घरातल्या माणसाच्या नावानं केलं तर स्टँप ड्युटी एकदम किरकोळ लागते, म्हणून लोक "स्वस्तात होतंय, करून टाका" म्हणतात. पण बक्षीसपत्र झालं की त्या दिवसापासून घर दादाचं, आईचं मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, त्यात कलम २३ असं सांगतं की सांभाळ करायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही तर ते देणं रद्द होऊ शकतं. पण ती अट दिसायला लागते. सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये एका आईची केस याच कारणावर नाकारली, आणि २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या एका आईला घर परत दिलं, तिथं मुलानं सांभाळायचं लिहून दिलेलं होतं. म्हणजे सगळं कागदावरच्या दोन ओळींवर येऊन थांबतं, आणि वकील, तारखा, हे ७४ व्या वर्षी करत बसायचं का?

आईला घर दादालाच द्यायचं असेल तर मृत्युपत्र करू दे. साध्या कागदावर, मराठीत, दोन साक्षीदारांच्या सह्या, स्टँप लागत नाही, रजिस्टर करायची सक्ती नाही पण केलेलं बरं. ज्याला घर मिळणार त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीला घेऊ नका. त्या आठवड्यातलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. घर आई असेपर्यंत आईचंच राहतं आणि मन बदललं तर नवीन मृत्युपत्र करता येतं. दादाला पण सांगता येतं की बाबा, घर तुलाच देणार आहे, पण मी गेल्यावर. आणि ताई, त्यात तुमचं नाव नसलं तर तुम्ही नाराज होऊ नका. आईच्या हातात निर्णय राहावा असं आपण म्हणतोय, तर निर्णय आपल्याला न आवडणारा असला तरी तो तिचाच. हे जमणार नसेल तर आईच्या बाजूनं बोलताना तुमच्या शब्दाला वजन राहणार नाही, आणि दादा पहिल्यांदा तेच बोट दाखवेल.

"आईला काय कळत नाही" याला उत्तर द्यायलाच पाहिजे. गोळी घेतली की नाही ते विसरणं, भाजीवाल्याचं नाव न आठवणं, यानं कुणाचा हक्क जात नाही. कायदा बघतो ते एवढंच की सही करायच्या वेळी ती काय करतेय आणि त्यानं काय होणार हे तिला समजतंय का. आईला विचारून बघा, पेन्शन किती, घर कुणाचं, मुलं किती, घर दिलं तर मग तू कुठं राहशील. नीट उत्तरं आली तर तिला कळतंय. तुम्हाला पण शंका असेल तर बिम्समध्ये, म्हणजे बेळगावच्या सरकारी हॉस्पिटलात, किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं दाखवा, कधीकधी थायरॉईड किंवा बी-१२ कमी असतं आणि घरात सगळे म्हातारपण म्हणून सोडून देतात. शिवाय एक बघा, आईला कळत नाही हे खरं धरलं तर तिनं केलेलं बक्षीसपत्र तरी कसं टिकणार? दादाला हे शांतपणे विचारा.

पॉवर ऑफ ॲटर्नी तुमच्या नावानं अगदी लागलीच, म्हणजे आई हॉस्पिटलात आहे आणि बिल भरायचंय, तर त्या एका कामापुरती, त्या एका खात्यापुरती, मुदत घालून. 'सर्व मालमत्ता, सर्व व्यवहार' असा छापील नमुना येतो तो घेऊ नका, दादाच्या नावानं नको तसाच तुमच्या नावानं पण नको.

दादाशी बोलायचं ते फोनवर नको, आणि वहिनीला बाहेर काढून पण नको, ती रोज आईचं करतेय. मामा किंवा काका, ज्यांचा दादा मान ठेवतो असं कोणीतरी बसवा आणि बोलू दे आईलाच, दोन वाक्यं बोलली तरी पुरेत, "माझं कार्ड माझ्याजवळ राहू दे, खर्चाचं मी देते." तुम्ही तिच्या आधी बोलायला सुरुवात केली की विषय बहीण-भावाचा होतो आणि आई मधल्यामधे रडत बसते.

बोलूनही झालं नाही, किंवा जेवणखाण, औषध यावरून आईला त्रास द्यायला सुरुवात झाली, तर असिस्टंट कमिशनर, आपण प्रांत म्हणतो, त्यांच्याकडं २००७ च्या कायद्याखाली आईच्या नावानं अर्ज करता येतो. आईला जमत नसेल तर तिनं सांगितलेल्या माणसाला पण करता येतो. कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत. फोनवर विचारायचं तर १५१००, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७. हे नंबर आईच्या नव्या फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा.

हे फक्त पेन्शनवाल्यांचं नाही, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० ज्यांच्या खात्यात येतात त्या सासवांना पण विचारा, पैसे काढतं कोण. गावात अंगठा लावून पैसे काढायचं मशीन असतं तिथं एकदा अंगठा, परत "आला नाही, परत लावा" म्हणून दुसरा, आणि दोन वेळा पैसे गेलेले असतात. पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

ताई, सुरुवात सिम आणि बँकेपासून करा, त्याच फेरीत सोसायटी, आणि ई.सी.चा अर्ज निपाणीहून घरी बसूनच टाका. बक्षीसपत्राची तारीख दादानं ठरवलीच तर आईनं जायचं नाही एवढंच, आणि जबरदस्तीनं नेलंच तर सब रजिस्ट्रार विचारतात तेव्हा "मला द्यायचं नाही" म्हणायचं, मराठीत म्हटलं तरी चालतं, आणि सही करायची नाही, मग नोंदणी होत नाही. ई.सी. हातात आली की त्यात काय दिसलं ते मला कळवा, काही आधीच रजिस्टर झालेलं निघालं तर दादाशी बोलायच्या आधी प्रांतांकडचा अर्ज तयार करावा लागेल.